थोरल्या माशाचं पथ्य

आमच्या पाड्यावर माशांना कोणी खायला घालत नाही, मासे खातात. पावसाळ्यात भातखाचरं भरली की पाण्याच्या धारेवर चढून येणारे मासे धरायला सगळं घर चिखलात उतरतं आणि संध्याकाळी प्रत्येक चुलीवरून एकच वास येतो. त्यामुळे डहाणूतल्या मसोलीच्या माझ्या भाड्याच्या घरात काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश फिरताना बघून मामाने पहिला प्रश्न विचारला तो असा :

"एवढं जपतेस, मग कापायचे कधी?"

"मामा, हे खायचे नाहीत. बघायचे आहेत."

"बघून पोट भरतं का गो?"

आई आतून म्हणाली, "तिला महिन्याला पगार मिळतो. तिचं बघूनही भरतं."

आमचं घरातलं बोलणं पुस्तकी मराठीपेक्षा वेगळं आहे. इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे, पण चाल त्यांचीच ठेवायचा प्रयत्न केला आहे.

मी तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले आणि डहाणूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. पाड्यावर पदवीला 'पंधरावी' म्हणतात आणि माझ्या पंधरावीबद्दल सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ही मुलगी शहरात जाऊन बेडूक आणि झुरळं कापायला शिकली. लग्नात, बारशात कोणीतरी हमखास विचारायचं, "मग, आज काय कापलं?" मी हसायचे. पण परत येताना बसमध्ये मनात यायचं, की आईवडिलांनी माझ्यासाठी जे सोसलं, त्याचं यांना दाखवता येईल असं माझ्या हातात खरंच काय आहे?

टाकी मला माझ्या सरांनी दिली. मला विज्ञानाकडे वळवणारे तेच. निवृत्त होऊन ते आपल्या गावी निघाले, तेव्हा इतकी मोठी काचेची टाकी नेणं शक्य नव्हतं. त्यांनी मला घरी बोलावलं, जाळी, पाणी हलतं ठेवणारा पंप, खड्यांची पिशवी असं सगळं समजावून दिलं आणि शेवटी म्हणाले, "जीव लाव, पण हात आखडता ठेव. पाळलेले मासे उपासाने मरत नाहीत, लाडाने मरतात."

दोन मासे होते. एक मोठा, गडद नारिंगी, पंख्यासारख्या शेपटीचा. दुसरा लहान, पांढरा, डोक्यावर तांबडा डाग असलेला. आईने त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायला सुरुवात केली.

आई माझ्याकडे राहायला आली होती ते मनापासून नव्हे. वडील गेल्यावर ती पाड्यावरच्या घरात एकटीच होती. एकदा तिला चक्कर आली आणि ती ओट्यावर पडली, ते दुपार होईपर्यंत कोणाला कळलंच नाही. मी एकुलती एक. मी तिला घेऊन आले, पण तिचं मन मसोलीत लागेना. पंधरा-वीस दिवस झाले की ती पिशवी भरायची. म्हणायची, "इथे मला काम काय? तू डबा घेऊन जातेस, संध्याकाळी येतेस. मी कोणासाठी रांधू?" मग एसटीने तलासरीला, तिथून जीपने पाड्यावर. मी पुढच्या रविवारी जाऊन तिला पुन्हा घेऊन यायचे. प्रत्येक वेळी आपण तिला तिच्या मर्जीविरुद्ध आणतो आहोत असं वाटायचं आणि प्रत्येक वेळी तो ओटा डोळ्यांसमोर यायचा.

टाकी आली आणि आईचं जाणं थांबलं. मी कॉलेजात गेले की ती टाकीसमोर बसायची. थोरला तिला ओळखायला लागला. ती बाहेरच्या खोलीत आली की तो काचेशी यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा, उघडायचा.

"बघ, हाक मारतो मला," आई म्हणायची.

मला इतका आनंद झाला होता की मी पुढचं काही पाहिलंच नाही.

आमच्यात एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही, ती अंगातच असते. समोर कोणी बघत असेल तर आपण एकट्याने घास तोंडात घालायचा नाही. बघणारं कुत्रं असो की वाटेने जाणारा अनोळखी माणूस, आधी त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचं, मग आपण खायचं. आता हा नियम आणि माझी टाकी एकत्र आणून बघा. टाकी बाहेरच्या खोलीत एका बुटक्या बाकावर होती आणि जेवायला आम्ही त्याच खोलीत जमिनीवर बसायचो. म्हणजे ताटं वाढली की माशांचे डोळे बरोबर आमच्या तोंडासमोर. गोल्डफिशला पापण्या नसतात. तो बघतच राहतो, आणि तोंड तर सारखं उघडतच असतो.

आई पहिला घास घेण्याआधी भाताची शितं टाकीत सोडायची. दुपारी नागलीच्या भाकरीचा तुकडा. चहाबरोबर बटर-बिस्किट. ती एकटी असती तरी एक वेळ निभावलं असतं. पण माझं घर डहाणूत, म्हणजे पाड्यावरून कचेरीच्या, दवाखान्याच्या, बाजाराच्या कामाला येणारा प्रत्येक माणूस आमच्याकडे जेवून जायचा आणि प्रत्येकाला तेच डोळे दिसायचे. प्रत्येकाचा एक घास टाकीत पडायचा. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ दुकानातले दाणे घालत होतेच.

पाणी दुधाळ व्हायला लागलं. मी पाणी बदललं, खडे धुतले, तर खड्यांखालून फुगलेली शितं निघाली. तेव्हा मला सगळा हिशेब लागला. त्या रात्री जेवताना मी समजावायला बसले. मामा तहसील कचेरीच्या कामासाठी मुक्कामाला होता.

"आई, गोल्डफिशला जठर नसतं. आपल्यासारखी अन्न साठवायची पिशवी त्याच्या पोटात नसते. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून त्याला थोडं थोडं, पचेल तेवढंच द्यायचं असतं. भात, भाकरी, बटर त्याच्या आत जाऊन फुगतं."

मामा चावायचा थांबला. "पोटच नाही?"

"जठर नाही."

"मग खातो ते ठेवतो कुठे? खिशात?"

आई हसून हसून खोकायला लागली. मामा पुढे म्हणाला, "पंधरावी शिकून हेच शिकलीस का भाचे? ज्याला पोट नाही त्याला उपाशी ठेवायचं, आणि आपण त्याच्यासमोर बसून कोंबडी खायची?" आणि त्याने मुद्दाम, माझ्याकडे बघत, भाकरीचा तुकडा पाण्यात सोडला. थोरल्याने तो वरच्या वर गिळला. "बघ. मासा बोलला. तुझं पुस्तक खोटं."

मी आईला पुन्हा सांगितलं, तेव्हा तिचं हसू मावळलं. "माझ्या हाताला काय विष आहे?" ती म्हणाली. या घरात तिच्या हातचं खाणारा, तिची वाट बघणारा दिवसभराचा सोबती थोरलाच होता. तिचा हात तिथून काढायचा म्हणजे तिला पुन्हा बसचा रस्ता दाखवण्यासारखं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी मी चहा ठेवत होते, तेव्हा आईने हाक मारली. तिचा आवाज ऐकून मी गॅस तसाच टाकून धावले. थोरला उलटा तरंगत होता. पोट वर, फुगून टम्म झालेलं. कल्ले हलत होते. तो खाली जायला धडपडायचा, अर्ध्या पाण्यापर्यंत पोचायचा आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा.

आई आत गेली आणि पिशवी काढली.

"काय करतेस?"

"जाते पाड्यावर. माझ्या हातचं त्याला लाभलं नाही. मी इथे राहून कोणाचं भलं होत नाही."

"आई, तो मेलेला नाही."

"मरेल. मला बघवणार नाही."

ती लुगड्याची घडी घालत होती, आणि मला पक्कं कळत होतं की ही या वेळची पिशवी नेहमीची नाही. रविवारी मी गेले तरी ती आता येणार नाही. एका माशाच्या पोटावर माझ्या आईचं माझ्याकडे राहणं टांगलेलं होतं. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण ते तसंच होतं.

मी दारात उभी होते. आतड्याबद्दल, माशाला तरंगतं ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीबद्दल, सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं एक वाक्यही तिथे चाललं नसतं. मग आमच्याच घरातला एक शब्द मला सापडला.

"त्याला पथ्य लावू," मी म्हणाले.

आईचे हात थांबले.

पथ्य हा शब्द आमच्याकडे फार वजनाचा आहे. कावीळ झालेल्याला पथ्य असतं, बाळंतिणीला असतं, पाय मोडलेल्याला असतं. पथ्यावरच्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. त्याला न वाढणं ही हेळसांड नसते, ती त्याची सेवा असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पथ्यावरच्या माणसासमोर बसून कोणी जेवत नाही. ताटं दुसरीकडे नेतात.

"माशाला पथ्य?" आईने विचारलं.

"हो. आजारी माणसासारखंच. आधी दोन-तीन दिवस काहीच नाही, फक्त स्वच्छ पाणी. मग हलकं अन्न. आणि पथ्य सांभाळायला घरात कोणीतरी पाहिजे. मी तर दिवसभर कॉलेजात."

मग तिने लुगडं पिशवीतून काढून दोरीवर टाकलं. "काय काय वर्ज्य आहे ते सांग," ती म्हणाली.

त्या दिवशी कॉलेजला जाताना मी स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात थांबले. दुकानदार गुजराती. मी सगळं सांगितलं. त्याने औषधाच्या बाटल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ओछुं आपो, बेन," तो म्हणाला, म्हणजे कमी द्या. वर त्याने विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, "घरात दोन, पण जेवायला सगळा पाडा." तो इतका हसला की त्याचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मग त्याने मला समजावलं, की तरंगणारं खाणं बंद करा, ते खाताना मासा हवा गिळतो. बुडणारे दाणे घ्या, तेही आधी पाण्यात भिजवून. पुढे वाटाणा उकडून, साल काढून, चुरून द्या, त्याने पोट मोकळं होतं. हे सगळं मी पुस्तकातही वाचलं होतं. पण दोन ठिकाणी एकच गोष्ट सापडली की माणसाला धीर येतो.

संध्याकाळी घरी आले तर जेवायची जागा बदललेली होती. आईने ताटं स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यालगत जमिनीवर मांडली होती. तिथे दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. टाकीवर तिने एक जुनं फडकं अर्ध्यापर्यंत सोडलं होतं, थोरल्याला उजेडाचा त्रास नको म्हणून. पाणी मी सांगितलं होतं तसंच बदललेलं : सगळं नाही, थोडंच, आणि मी नेहमी भरून ठेवते त्या बादलीतलं, आदल्या दिवशीचं.

पहिला दिवस गेला. थोरला तसाच. दुसऱ्या दिवशी आईने स्वतःही भात खाल्ला नाही, नुसती पेज घेतली. थोरला आडवा व्हायचा, सरळ होता होता पुन्हा कलंडायचा. धाकटा त्याच्याभोवती फिरत राहायचा. मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या पुसताना सारखी घड्याळाकडे बघत होते. घरी आल्यावर दार उघडायच्या आधी मला पिशवीची भीती वाटायची.

मग वाटाणे आले. बाजारातून कोवळ्या शेंगा आणल्या. आम्ही भिजवलेले वाल सोलतो तसे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून, आईने उकडलेले वाटाणे सालीतून पुच्चकन बाहेर काढले. अर्धा दाणा तिने बोटावर चुरला आणि माझ्याकडे बघितलं. "एवढाच?"

"एवढाच."

"मुंगीसुद्धा रागावेल," ती म्हणाली. पण तेवढाच सोडला.

चुरा खाली बुडाला. थोरला एका कुशीवर होता. त्याने शेपटी मारली, तिरका तिरका खाली गेला, एक कण उचलला, थुंकला, पुन्हा उचलला. आणि तो खालीच राहिला. वर आला नाही. आम्ही दोघी जमिनीवर गुडघे टेकून काचेला नाक लावून बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत असताना शेजारणीच्या फोनवरून आईचा फोन आला. ती कधी फोन करत नाही.

"अगो, घाण केली त्याने!" आई ओरडत होती. "लांबच लांब! आणि सरळ पोहतो! सरळ! शेजारीण पण बघते आहे!"

मी तिथे प्रयोगशाळेत, मुलांसमोर, मोठ्याने हसले. मुलांनी विचारलं, "काय झालं मॅडम?" मी त्यांना सगळं सांगितलं, जठर नसण्यापासून. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास असेल, आणि मी शिक्षिकासुद्धा नाही.

त्यानंतर पथ्य उठलंच नाही. आईने ते कायमचं करून टाकलं. बाहेरच्या खोलीत जेवण बंद ते बंद. मामा पुन्हा आला, तेव्हा सवयीने ताट घेऊन टाकीपाशी बसायला गेला.

"उठ तिथून," आई म्हणाली. "त्याचं पथ्य आहे."

"अजून? बाय, बाळंतिणीचंही एवढं नसतं!"

"बाळंतिणीला जठर असतं. याला नसतं. खाल्लं की सरळ आतड्यात."

मामा ताट हातात धरून उभाच राहिला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या पोरीने. पंधरावी झाली आहे ती." हे बोलताना आई माझ्याकडे बघत नव्हती, वाटाणे सोलत होती. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले, कारण माझे डोळे भरून आले होते. पदवीदान समारंभाला ती येऊ शकली नव्हती. माझ्यासाठी तो समारंभ त्या दिवशी झाला.

आता माशांचा आहार हे तिचं खातं आहे. उकडलेला पालक, वाटाणा, कधी साठवलेल्या पाण्यात वाढवलेल्या डासांच्या अळ्या, आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. अळ्या बाहेरच्या बादलीत, जाळी बांधून, आणि डास व्हायच्या आत संपवायच्या, यावर तिची करडी नजर असते. दुकानातले दाणे संपले तेव्हा तिने स्वतः करून बघायचं ठरवलं. बिनमिठाचा सुका जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी), वाळवलेला पालक, थोडं वाटाण्याचं पीठ. मी मिक्सरमध्ये वाटून बारीक पीठ करून दिलं. आईने चिमूट पाण्यात टाकून पाहिली. पीठ वर तरंगलं.

"हे हवा गिळायला लावणार त्याला," ती म्हणाली. "भरड पाहिजे. बुडायला हवं."

पुढच्या शनिवारी पाड्यावर एक लग्न होतं. आई जायला निघाली. पिशवी भरली, मोठी पिशवी. लग्नाच्या घरी तिला आठ दिवस राहायचा आग्रह होणार हे मला माहीत होतं. मी तिला बसमध्ये बसवलं आणि घरी येऊन माशांना तिने सांगितलं होतं तेवढंच घातलं. मन थाऱ्यावर नव्हतं. मासा बरा झाला होता, पण पाड्यावर तिची माणसं होती, तिचं अंगण होतं, तिचं घर होतं. ती राहिली तर तिला दोष कसा द्यायचा?

रविवारी दुपारी मी तिला आणायला निघणार, तेवढ्यात घरासमोर रिक्षा थांबली. आत आई, मामा, आणि दोघांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी अवजड. मामा उतरला तोच कंबर धरून.

"तुझ्या आईला समजाव," तो मला म्हणाला. "बसमध्ये कंडक्टर विचारतो, मावशी, या गोणीत काय आहे? तर ही सांगते, माशांचं जेवण. त्याने गोणी उचलायला बघितली आणि म्हणाला, मावशी, मासे आहेत की मगरी?"

आई गोणपाट सोडत होती. आत आमच्या घरचा पाटा होता, वरवंट्यासकट. तिच्या लग्नात आलेला, चुलीशेजारी मातीत अर्धा रुतवलेला, मी जन्मल्यापासून त्याच जागी पाहिलेला. आमच्याकडे बाई माहेरी जाताना कपडे नेते, भांडी नेते, पाटा नेत नाही. पाटा हलला म्हणजे चूल हलली.

"पाड्यावर सगळे विचारत होते," मामा जरा हळू आवाजात म्हणाला. "बाय, पाटा उपटतेस म्हणजे काय? ही म्हणाली, म्हणजे तेच."

मी आईकडे बघितलं. ती पाटा कुठे बसवायचा ते बघत होती. खिडकीखाली उजेड बरा आहे, असं म्हणाली. आम्ही तिघांनी मिळून तो सरकवला. ती त्याच्यासमोर एक पाय दुमडून बसली, जवळा ओतला आणि वरवंट्याचा पहिला फेर मारला. मामाने विचारलं की आधी चहा होईल का. आई म्हणाली, "आधी त्यांचं होऊ दे. आणि तू तिथे बसून खायचं नाहीस."